चांदवडची वाट आणि हाजींच्या प्रार्थना

चांदवड म्हटलें कीं नाशिक जिल्ह्याबाहेरच्या माणसाला बहुधा दोनच गोष्टी आठवतात : होळकरांचा रंगमहाल आणि डोंगराच्या कुशींतील रेणुकादेवीचें देऊळ. जुन्या नाण्यांचा नाद असलेला गृहस्थ तिसरी एक गोष्ट सांगेल. अठराव्या शतकांत येथें टांकसाळ होती, आणि तिच्या रुपयावर गांवाचें नांव फारसी अक्षरांत ‘जाफराबाद उर्फ चांदोर’ असें उमटत असे. टांकसाळ मराठ्यांची, नांव दिल्लीच्या बादशहाचें, आणि गांवाला मोगलांनीं दिलेलें नांव व लोकांच्या तोंडचें नांव शेजारीं शेजारीं. एवढ्याशा चांदीच्या तुकड्यावर या गांवाचा स्वभाव उमटला आहे असें मला नेहमीं वाटतें.

हा स्वभाव वाटेनें घडविला. सातमाळ्याची रांग पूर्व-पश्चिम आडवी पसरली आहे. तिच्या उत्तरेस खानदेश आणि बागलाण, दक्षिणेस गोदावरीचें खोरें. खानदेशांतून नाशिककडे व तेथून कोंकणांत उतरूं पाहणाऱ्यास ही रांग ओलांडावीच लागते, आणि ओलांडण्याच्या जागीं चांदवडचा किल्ला पहाऱ्यास उभा आहे. या वाटेनें सैन्यें गेलीं, लमाणांचे तांडे गेले, धान्य आणि कापूस गेला. मक्केच्या यात्रेस निघालेले लोकही याच वाटेनें गेले. त्यांनीं कोणतीं जहाजें धरलीं, भाडें किती दिलें, वाटेंत कोणते रोग झाले, हें सारें दप्तरांत सांपडतें. परंतु त्यांनीं वाटेंत काय मागितलें, कोणत्या शब्दांत मागितलें, हा प्रश्न इतिहास लिहिणारे सहसा विचारीत नाहींत. श्रोतेहो, आजच्या या भाषणांत मी तोच प्रश्न घेणार आहें.

प्रथम एक भेद ध्यानांत घेतला पाहिजे. ज्याला आपण सरसकट ‘प्रार्थना’ म्हणतों त्यांत मुसलमान दोन निरनिराळ्या गोष्टी मानतात. एक नमाज. तिची वेळ, दिशा, उठणें, वांकणें आणि भाषा हीं सर्व ठरलेलीं. ती अरबींतच व्हावयाची. दुसरी दुआ, म्हणजे याचना. तिचे कित्येक पाठ कुराणांतून व पैगंबरांच्या वचनांतून आलेले आहेत, पण नमाजेबाहेर माणसानें आपल्या भाषेंत, आपल्या शब्दांत मागण्यास मुभा आहे. हजच्या यात्रेंत हे दोन्ही प्रकार पावलोपावलीं येतात. धर्मशास्त्रानें नेमून दिलेले शब्द मात्र आपण समजतों त्याहून पुष्कळ थोडे आहेत. उरलेली जागा मोकळी होती. ती मोकळी जागा भीतीनें, वाटाड्यांनीं आणि छापखान्यानें कशी भरून काढली, हीच माझ्या मतें या यात्रेच्या प्रार्थनांची खरी हकीकत आहे.

यात्रेचा आरंभ घरापासून होतो आणि तो मागण्यानें होण्याच्या आधीं फेडण्यानें होतो. हजला जाणाऱ्यानें देणीं चुकवावीं, ठेव असेल ती परत करावी, मागें राहणाऱ्या बायकामुलांच्या पोटाची तजवीज करावी, आणि ज्यांच्याशीं तंटाबखेडा झाला असेल त्यांची क्षमा मागावी असा नियम आहे. क्षमा मागण्याच्या या फेरींत धर्म पाहावयाचा नसतो. ज्याच्याशीं बांधाचा वाद, त्याच्या दाराशीं जावयाचें. जहाजांचा प्रवास महिनोगणती चालत असे त्या काळीं ही केवळ रीत नव्हती. जाणारा परत येईल अशी खात्री कोणासच नसे. निरोप देणारे आपापलीं गाऱ्हाणीं त्याच्या पदरांत घालीत : मला मूल व्हावें म्हणून माग, भावाचा दमा जावा म्हणून माग, बापाला क्षमा व्हावी म्हणून माग. हाजी जेव्हां घर सोडतो तेव्हां सामानाच्या गांठोड्याबरोबर हें दुसरें गांठोडेंही त्याच्या पाठीवर असतें.

घर सोडतांना दोन रकातींची नफल नमाज आणि प्रवासाची दुआ म्हणावयाची. नंतर लगेच एक फरक पडतो, आणि तो मला फार बोलका वाटतो. हनफी पंथाच्या मतें सुमारें ४८ मैलांहून लांब जाण्याच्या निश्चयानें माणूस निघाला कीं तो ‘मुसाफिर’ ठरतो, आणि मुसाफिराची चार रकातींची नमाज दोन रकातींची होते. हिला कसर म्हणतात. पहांटेची दोन आणि सूर्यास्ताची तीन यांत बदल नाहीं. ही सवलत ४८ मैल चालून झाल्यावर मिळत नाहीं. गांवाचीं शेवटचीं घरें मागें पडलीं कीं लागू होते. चांदवडहून मुंबई सुमारें १४० मैल. तेव्हां चांदवडच्या माणसाचा प्रवास धर्माच्या दृष्टीनें मुंबईच्या बंदरांत सुरू होत नाहीं. तो वेशीबाहेरच्या पहिल्या नमाजेंत सुरू होतो.

मुंबईच्या आधीं बंदर होतें तें सुरत. मोगलाईंत तिला ‘मक्केचें द्वार’ म्हणत. सतराव्या शतकांत टॅव्हर्निये या फ्रेंच जवाहिऱ्यानें सुरतेहून दौलताबादेकडे जाणारी वाट नोंदली आहे. ती नवापूर, पिंपळनेर करीत घाटावर येते आणि ही डोंगररांग ओलांडल्यावांचून दौलताबादेस पोहोंचत नाहीं. म्हणजे दक्षिणेंतील यात्रेकरूलाही सुरतेची दिशा धरावयाची तर ही रांग चुकत नव्हती.

सुरतेपुढें समुद्र. हज चांद्र पंचांगाप्रमाणें येतो आणि दरसाल दहा-अकरा दिवस मागें सरकतो. शिडाचें जहाज मात्र वाऱ्याच्या पंचांगानें चालतें. पावसाळ्यापूर्वीं निघालें नाहीं तर वर्ष बुडालें. त्यामुळें कित्येकदां हजच्या कितीतरी महिने आधीं निघून अरबस्तानांत वाट पाहात बसावें लागे. त्यांत पोर्तुगीजांचा परवाना हवा. अकबराच्या दरबारांतील मखदूम-उल्-मुल्क या शास्त्र्यानें तर असा निर्णय दिला होता कीं, हिंदुस्थानांतल्या मुसलमानांवर आतां हजचें बंधनच राहिलें नाहीं; कारण खुष्कीची वाट शियांच्या इराणांतून जाते, आणि समुद्राच्या वाटेस लागणाऱ्या परवान्यावर येशू व मरियम यांचीं चित्रें असतात. असे निर्णय शास्त्र्यांनीं द्यावे आणि लोकांनीं जहाजांत चढावें, असेंच चाललें. बाबराची मुलगी गुलबदन बेगम १५७६ त सुरतेहून निघाली आणि १५८२ त परतली. परततांना एडनजवळ जहाज फुटलें आणि ती कित्येक महिने तेथें अडकून पडली होती.

अशा समुद्रावर म्हणावयाची एक प्रसिद्ध दुआ आहे : ‘हिज्ब-उल्-बहर’. शाजिली पंथाचे प्रवर्तक अबुल् हसन शाजिली यांच्या नांवावर ती आहे. ते १२५८ त हजच्या वाटेवरच वारले. तांबड्या समुद्रांत वारा पडून जहाज अडलें असतां त्यांना ती स्फुरली अशी परंपरा सांगते. वारा, लाट आणि शत्रू या तिहींपासून रक्षण मागणारा हा पाठ हिंदुस्थानांत इतका रूढ झाला कीं, दिल्लीचे शाह वलीउल्लाह यांनीं त्यावर स्वतंत्र टीका लिहिली. ते स्वतः १७३० च्या सुमारास निघून १७३२ त हज करून परतले होते, तेव्हां समुद्राची भीति त्यांना ऐकीव नव्हती. हजच्या विधींत या दुआला स्थान नाहीं. ती शास्त्रानें दिलेली नव्हे, समुद्रानें दिलेली.

शत्रूपासून रक्षण मागण्याचें कारणही खरें होतें. सप्टेंबर १६९५ त मक्केहून परतणाऱ्या यात्रेकरूंनीं भरलेलें ‘गंज-इ-सवाई’ हें औरंगजेबाचें जहाज हेन्री एव्हरी या इंग्रज चांच्यानें लुटलें आणि बायकांची जी विटंबना केली तिच्यामुळें सुरतेंतले इंग्रज व्यापारी बेड्यांत पडले. जमिनीवरही निश्चिंति नव्हती. ऑक्टोबर १६७० त शिवाजी महाराजांनीं सुरत दुसऱ्यांदा लुटली तेव्हां काशगरचा पदच्युत राजा अब्दुल्लाखान नुकताच मक्केहून परतून तेथें उतरला होता. त्याच्या लोकांनीं दिवसभर सराई लढविली, आणि रात्रीं मालमत्ता मागें टाकून तो किल्ल्याच्या आश्रयास गेला. ती लूट घेऊन मराठे बागलाणांतून परतत असतां दाऊदखान कुरेशी त्यांना अडविण्यास धांवला, तो याच चांदवडास येऊन पोहोंचला होता. मराठे घाट उतरत आहेत ही बातमी त्याला येथें लागली, आणि दुसऱ्याच दिवशीं वणी-दिंडोरीची लढाई झाली. आपल्या शाळेच्या पुस्तकांत या लढाईचें वर्णन आहे आणि तें असावेंच. त्या लुटींत एका हाजीचें सामान होतें, ही गोष्ट मात्र तेथें नसते. मी ती कोणास दोष देण्याकरितां सांगत नाहीं. यात्रेकरू आणि राजकारण एकाच रस्त्यानें जात होते एवढेंच दाखवावयाचें आहे.

याच सुमारास, १६७६-७७ त, सफी बिन वली कझ्वीनी या गृहस्थानें औरंगजेबाची विद्वान मुलगी झेबुन्निसा हिच्या आश्रयानें हजची यात्रा केली आणि ‘अनीस-उल्-हुज्जाज’, म्हणजे हाजींचा सोबती, या नांवाचें फारसी पुस्तक लिहिलें. त्याच्या सचित्र प्रती उपलब्ध आहेत. जहाज, बंदरें, मक्का-मदिनेचीं स्थानें आणि तेथील आचार यांची माहिती त्यांत एकत्र येते. हातीं घेऊन चालण्याजोग्या मार्गदर्शक पुस्तकाची ही सुरुवात म्हणतां येईल. पण हस्तलिखित तें. किती जणांच्या हातीं जाणार!

१८१८ त मंदसोरच्या तहानें होळकरांचा खानदेश आणि त्याबरोबर चांदवड इंग्रजांकडे गेलें. मुंबई-आग्रा रस्ता येथूनच गेला, आणि सुरतेचा मान हळूहळू मुंबईनें घेतला. १८५७ नंतर उत्तरेकडील अनेक विणकर मुसलमान कुटुंबें याच रस्त्यानें येऊन मालेगांवांत स्थायिक झालीं. १८६५ त थळ घाटांतून रेल्वे वर आली. ती मनमाडवरून गेली, चांदवडास तिनें वगळलें. मालेगांवच्या यात्रेकरूला आगगाडी पकडण्यास मनमाड गांठावें लागे. नाहींतर चांदवडवरून सडकेनें नाशिक.

मुंबईंत आगबोट आली आणि समुद्राचा धाक ओसरला, असें कोणास वाटेल. खरी गोष्ट अशी कीं धाकाचें रूप बदललें. १८६५ च्या हजमध्यें पटकीनें हजारों माणसें मेलीं, रोग युरोपपर्यंत गेला, आणि पुढच्याच वर्षीं कॉन्स्टँटिनोपल येथें आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तेव्हांपासून हाजी म्हणजे रोग वाहून नेणारा प्राणी अशी सरकारी दृष्टि झाली. १८८२ पासून तांबड्या समुद्राच्या तोंडाशीं असलेल्या कामारान बेटावर हिंदुस्थानच्या यात्रेकरूंना उतरवून कांहीं दिवस डांबून ठेवीत, कपडे वाफेंत घालीत. यात्रेकरूंची गैरसोय इतकी बोभाटली कीं १८८६ त सरकारनें प्रवासाची व्यवस्था टॉमस कुक या प्रसिद्ध कंपनीकडे सोंपवून पाहिली. तो प्रयोग फार वर्षें टिकला नाहीं. पुढें मोगल लाइनच्या बोटी या मार्गावर प्रमुख झाल्या. १९३७ त वालचंद हिराचंद यांच्या सिंदिया कंपनीनें तिच्याशीं स्पर्धा मांडली, तेव्हां भाडीं अशीं कोसळलीं कीं हाजींनीं दोघांनाही दुआ दिली असेल.

बोटीवर निरनिराळ्या पंथांचीं माणसें एकत्र येत. मालेगांवचा हनफी आणि रत्नागिरीचा शाफई कोंकणी मुसलमान डेकवर शेजारीं शेजारीं सतरंजी टाकून बसत. प्रवासांत दुपारची व तिसऱ्या प्रहरची नमाज एकत्र करण्यास शाफई पंथांत परवानगी आहे. हनफींना ती फक्त अरफात व मुजदलिफा येथें. तेव्हां शेजाऱ्याची नमाज आटोपलेली पाहून हनफीनें आपल्या वेळेची वाट पाहावयाची. त्याहून मोठा अनुभव दिशेचा. मुंबईपासून काश्मीरपर्यंत सगळे मुसलमान जन्मभर पश्चिमेकडे तोंड करून नमाज पढतात. येथील मशिदींची पश्चिमेची भिंत हीच किब्ल्याची भिंत. बोट एडन ओलांडून तांबड्या समुद्रांत वळली कीं किब्ला उत्तरेकडे येतो, आणि जेद्दास उतरल्यावर मक्का पूर्वेस! ‘पश्चिम’ या शब्दांत साठवलेली जन्माची भावना आठ-दहा दिवसांत फिरते. हा धडा कोणत्याही पुस्तकापेक्षां बोट चांगला शिकवीत असे.

कामारान सुटलें कीं यलमलमची रेषा येते. समुद्रमार्गें जाणाऱ्या हिंदी यात्रेकरूंची मीकात, म्हणजे यात्रावेष धारण करण्याची मर्यादा, ती. बोटीवर सूचना होई, आणि पुरुष अंगावरचे शिवलेले कपडे उतरून दोन पांढऱ्या पंचांचा इहराम बांधीत. स्त्रियांना आपला नेहमींचा वेष चालतो. येथपासून ‘लब्बैक’ सुरू होतें. ‘मी हजर आहें’ एवढाच त्याचा मूळ अर्थ. धन्यानें हांक मारावी आणि चाकरानें ओ द्यावी तसा. पुरुषांनीं तें मोठ्यानें म्हणावें, स्त्रियांनीं हलक्या आवाजांत. हजमधील हा पाठ खरोखर नेमलेला आहे आणि त्यांत मागणें असें कांहीं नाहीं. १० जिल्हिज्जेस मिना येथें पहिला खडा मारतांना तो थांबतो.

मक्केंत पोहोंचल्यावर मात्र यात्रेकरूच्या जिभेचा ताबा मुतव्विफाकडे जातो. हा तेथला वाटाड्या. तो पुढें अरबी वाक्य म्हणतो, मागून पन्नास माणसें तें जसें ऐकूं येईल तसें म्हणतात. काब्याभोंवतीं सात फेरे, इब्राहीमच्या स्थानाशीं दोन रकात, जमजमचें पाणी, नंतर सफा आणि मरवा या टेकड्यांमधून सात वेळां जाणें. तहानेनें व्याकुळ झालेल्या तान्ह्या इस्माईलसाठीं पाणी शोधीत हाजरा जशी धांवली तशी ही धांव. छापील पुस्तकांत पहिल्या फेऱ्याची दुआ, दुसऱ्या फेऱ्याची दुआ असे सात लांबलचक पाठ असतात. जाणत्या उलेमांनीं पुनःपुन्हां सांगितलें आहे कीं, फेऱ्याफेऱ्यास अशी निराळी दुआ पैगंबरांनीं नेमलेली नाहीं. येमेनी कोपरा आणि काळा दगड यांच्यामध्यें इहलोकाचें व परलोकाचें भलें मागणारी कुराणांतली एक छोटी याचना तेवढी परंपरेची. बाकी जें सुचेल तें मागावें. परंतु एकोणिसाव्या शतकांत मुंबई, लखनौ, दिल्ली येथें शिळाछाप स्वस्त झाली, उर्दू मार्गदर्शिका आल्या, आणि नवख्याच्या हाताला दिलेली काठी हळूहळू त्याचा पायच होऊन बसली. गर्दींत पुस्तकांतली ओळ चुकेल म्हणून घाबरणारा हाजी समोरचा काबा पाहावयाचें विसरतो, ही तक्रार हाजी स्वतःच करतात. शब्द नेमून देण्यांत सोय आहे हें मी मान्य करतों. पण ज्या जागीं धर्मानेंच माणसाला मोकळें सोडलें होतें तेथें त्याला पाठांतराचा विद्यार्थी करण्यांत लाभ कोणाचा झाला?

९ जिल्हिज्जेचा दिवस या सर्वांहून वेगळा. त्या दिवशीं अरफातच्या मैदानांत थांबणें हाच हजचा गाभा. तो चुकला तर हज झाला नाहीं. दुपारची आणि तिसऱ्या प्रहरची नमाज एकत्र होते, आणि मग सूर्यास्तापर्यंत कोणताही विधि उरत नाहीं. उभें राहावयाचें आणि मागावयाचें. चार-पांच तासांचा हा वेळ कोणत्याही मुतव्विफाला भरून काढतां येत नाहीं. त्याचें अरबी संपतें आणि यात्रेकरू आपल्या भाषेवर येतो. मालेगांवचा विणकर उर्दूंत बोलूं लागतो, श्रीवर्धनची म्हातारी कोंकणींत, आणि घाटावरचा शेतकरी मराठींत. मराठींत अल्लाला हांक मारणें ही कांहीं नवलाची गोष्ट नव्हे. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनीं सतराव्या शतकांत ‘योगसंग्राम’ मराठी ओवींतच लिहिला. घरून निघतांना जीं नांवें पदरांत बांधून दिलेलीं असतात तीं येथें सुटतात. कोणी चिठ्ठीवर लिहून आणतात, ज्यांना लिहितां येत नाहीं ते बोटांवर मोजतात. मूल नसलेली वहिनी, दम्याचा भाऊ, मेलेला बाप. निरक्षर माणसाला आपल्या यात्रेंत पाठ चुकण्याचें भय नसलेला असा हा एकच दिवस. म्हणूनच परत आलेल्या हाजीला काय पाहिलेंस विचारलें तर तो काब्याचें सांगतो, काय मागितलेंस विचारलें तर अरफातचें सांगतो.

मुंबईहून जाणारी हजची बोट १९९५ नंतर बंद झाली. आतां जेद्दा विमानानें पांच-सहा तासांवर आलें आहे. पुष्कळ लोक घरूनच किंवा विमानतळावर इहराम बांधून निघतात आणि मीकात ढगांवरून ओलांडतात. समुद्राच्या दुआंची गरज संपली. ‘हिज्ब-उल्-बहर’ अजून वाचली जाते, पण समुद्रासाठीं नव्हे, घरांतल्या अडीअडचणींसाठीं. किब्ला हळूहळू फिरतांना पाहण्याचा योग गेला. माणूस पश्चिमेकडे तोंड करून बसतो आणि उतरतो तों पूर्वेकडे वळावें लागतें. कसर मात्र तशीच आहे. मक्केंत पंधरा दिवस राहण्याचा निश्चय असेल तर हनफी यात्रेकरू तेथला रहिवासी ठरून पुरी नमाज पढतो. त्याहून कमी असेल तर मुसाफिरच.

परतीची एक रीत सांगून थांबतों. हाजी घरांत पाऊल टाकण्यापूर्वीं त्याला भेटावें आणि आपल्यासाठीं क्षमा मागावयास सांगावें, कारण तोंवर त्याची दुआ विशेष फळते, असा समज आहे. त्यामुळें लोक घरीं वाट पाहात न बसतां वेशीपर्यंत सामोरे जातात. हार घालतात, जमजमचें पाणी आणि खजूर मागतात, आणि पुन्हां तींच गाऱ्हाणीं सांगतात. आग्रा रोडवरून चांदवडांत शिरतांना पहिलीं घरें लागलीं कीं त्या माणसाचें मुसाफिरपण संपतें, आणि दिवसाच्या पुढच्या नमाजेस तो दोनऐवजीं पुऱ्या चार रकातींसाठीं उभा राहातो.